दोन रब्बींत खपलीच्या पक्क्या ओळी: कृत्रिम प्रकाशात पिढ्या पुढे नेण्याची पद्धत

सातारा-सांगलीत खपली गहू पुन्हा पैशाचं पीक झाला आहे, पण गावरान खपलीचा स्वभाव बदललेला नाही. ती छातीपर्यंत वाढते, ओंबी भरताना एक पाणी जास्त झालं किंवा वारा सुटला की लोळते आणि लोळलेल्या रानातला दाणा पोचट राहतो. बुटका, न लोळणारा आणि तरीही गावरान खपलीच्या गुणाचा वाण हवा असेल, तर संकर करावा लागतो. संकराचं काम दोन-तीन आठवड्यांचं. खरा वेळ जातो तो त्याच्या पोटी आलेली झाडं एकसारखी होईपर्यंत. रब्बीत वर्षाला एकच पिढी निघते. संकराची एक रब्बी आणि पुढच्या पाच पिढ्यांच्या पाच, अशा सहा रब्बी संपल्यावर स्थिर ओळींचं, म्हणजे पिढ्यानपिढ्या एकसारख्या निघणाऱ्या घराण्यांचं, बी हातात येतं. चाचण्या त्यानंतर.

हाच टप्पा खोलीत, दिव्यांखाली चौदा महिन्यांत उरकता येतो. गहू हे दिवस मोठा झाला की लवकर फुलणारं पीक. त्याला दिवसाला २२ तास उजेड आणि माफक थंडावा दिला, की पेरणीपासून सव्वा महिन्यात फुलोरा येतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात ही पद्धत घडली आणि तिच्यात वसंती (फुलायला कडाक्याची थंडी न लागणाऱ्या) गव्हाच्या वर्षाला सहा पिढ्या निघाल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधीचा मार्ग होता जागा बदलण्याचा. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत दोन वेगळ्या उंचीच्या ठिकाणी आलटून पालटून पेरून वर्षाला दोन पिढ्या काढल्या. आपल्याकडे गव्हाचे संशोधक आजही उन्हाळी-पावसाळी पिढीसाठी निलगिरीतल्या वेलिंग्टनला आणि लाहौलमधल्या दलंग मैदानला बी नेतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. खोली पिढ्या पुढे नेते, निवड करत नाही. २२ तासांच्या उजेडात, बोटभर मातीत वाढलेलं झाड ठेंगणं असतं, फुटवे एखाद-दुसरा, ओंबी जेमतेम आठ-दहा दाण्यांची. त्या झाडाकडे बघून कोणती ओळ चांगली हे ठरवणं म्हणजे निव्वळ अंदाज. उंची, फुटवे, दाण्याचा भराव, तांबेरा, लोळणं हे सगळं रानातच बघायचं. म्हणून पुढची सगळी आखणी खोलीचं वेळापत्रक रब्बीशी जुळवण्यासाठी आहे.

नर-मादी निवडताना

एक बाजू, मादीची, म्हणजे तुमच्या भागातली उत्तम गावरान खपली. दुसरी बाजू, नराची, बुटक्या खपलीची: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची एमएसीएस २९७१ किंवा वेलिंग्टनहून आलेली एचडब्ल्यू १०९८. दोन्ही खपलीच, त्यामुळे संकर सरळ जमतो आणि कवच असलेला दाणा टिकतो. बन्सी (ड्युरम) गव्हाशीही संकर जमतो, कारण दोघांच्या पेशीत २८ गुणसूत्रं आहेत. मात्र पुढच्या पिढ्यांत मळणीत सहज सुटणारा दाणा आणि कवचातला दाणा असे दोन्ही प्रकार फुटतात आणि ज्याला खपलीच हवी आहे त्याचं काम वाढतं. साध्या चपातीच्या गव्हाशी संकर करू नका. त्यात ४२ गुणसूत्रं असतात, संततीत वांझपणा येतो. शिवाय काही जोड्यांत पहिल्या पिढीचं झाड शेंड्याकडून पानं वाळत मरतं. हा रोग नसतो, दोन बाजूंच्या जनुकांचं न जुळणं असतं. फवारण्या करण्यात पैसे घालवू नका.

गावरान खपली टाकाऊ समजून फक्त बुटकेपणाच्या मागेही लागू नका. खोडावरच्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी जगभर वापरल्या गेलेल्या जुन्या गहू-संचात ‘खपली’ याच नावाचा गहू होता आणि तिच्यातली प्रतिकारक जनुकं इतर गव्हांत नेली गेली. ती ताकद संततीत राहिली की नाही, हे रानात तपासायचं आहे.

संकर

दोन्ही वाण ऑक्टोबरच्या मध्यापासून आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन वेळा पेरा, म्हणजे फुलोरे जुळण्याची चिंता राहत नाही. डिसेंबर अखेरीस काम सुरू होतं.

मादीची ओंबी झेंडापानातून (सर्वांत वरच्या पानातून) नुकतीच बाहेर आलेली, आतले परागकोष अजून हिरवे असलेली घ्या. ते पिवळे दिसले तर ती ओंबी सोडून द्या, बहुधा आतल्या आत परागण होऊन गेलेलं असतं. खालच्या दोन-तीन आणि शेंड्याकडच्या बारक्या कणिशिका (ओंबीवरचे फुलांचे छोटे झुबके) काढा. उरलेल्या प्रत्येक कणिशिकेतलं मधलं फूल चिमट्याने उपटून कडेची दोन फुलं ठेवा. कुसळं कात्रीने कापा, तुसांचा वरचा तिसरा भाग छाटा. खपलीचं तूस चिवट असतं, बोथट कात्रीने ते चिरतं आणि आतली कुक्षी (पराग झेलणारा भाग) दुखावते, म्हणून बारीक टोकाची नवी कात्री वापरा. प्रत्येक फुलातून तीन परागकोष बाहेर आले पाहिजेत, मोजूनच काढा. एक जरी आत राहिला तरी ते फूल स्वतःच्याच परागाने फळतं आणि संकर म्हणून तुम्ही गावरान खपलीच पुढे पेरत राहता. ओंबीवर बटर पेपरची पिशवी चढवा, तळाशी क्लिप लावा, तारखेची चिठ्ठी बांधा.

दोन-तीन दिवसांनी कुक्षी पिसासारखी फुललेली दिसते. सकाळी साधारण सात ते दहाच्या दरम्यान नराची, परागकोष पिवळे झालेली पण न फुटलेली ओंबी तोडा. तिची तुसं छाटून उन्हात पाच मिनिटं धरा. परागकोष तुसाबाहेर सरकून फुटू लागले की ती उलटी करून मादीच्या पिशवीत सोडा आणि देठ बोटांत धरून फिरवा. लगेच पिशवी बंद. आठ-दहा ओंब्या केल्या तर पुरेसं बी मिळतं. पंचवीस दिवसांनी ओंब्या काढून सावलीत वाळवा. संकराचा दाणा अनेकदा बारीक आणि सुरकुतलेला दिसतो, त्याला टाकून देऊ नका.

खोली आणि दिवे

दहा बाय दहाची खोली, भिंतींना पांढरा रंग, बाहेरचं ऊन आत येणार नाही अशी खिडकी. सुरुवात चार फूट बाय दोन फुटांच्या एका फळीवरच करा. त्या फळीवर ९८ खळग्यांचे चार प्रोट्रे शेजारी शेजारी बसतात, म्हणजे ३९२ झाडं. एका संकरासाठी एवढी संख्या चांगली आहे.

पानांच्या पातळीवर प्रकाश सेकंदाला, चौरस मीटरला ४०० ते ५०० मायक्रोमोल हवा. मायक्रोमोल हे झाडाला उपयोगी प्रकाशाचं माप, पण ते मोजणारं यंत्र महाग असतं, म्हणून साधा लक्समीटर घ्या. पांढऱ्या एलईडीखाली ३०,००० लक्सच्या आसपास आकडा आला की साधारण ४५० मायक्रोमोल समजायला हरकत नाही. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर विसंबू नका. हिशेब असा: फळीचं क्षेत्र ०.७४ चौरस मीटर, त्यावर ३०,००० लक्स म्हणजे २२,००० ल्युमेन. चौथा हिस्सा प्रकाश बाजूला वाया जातो असं धरलं तर दिव्यांतून ३०,००० ल्युमेन निघाले पाहिजेत. बाजारात मिळणारी २० वॅटची चार फुटी एलईडी पट्टी २,००० ल्युमेन देते, म्हणजे फळीवर १५ पट्ट्या, साधारण चार सेंटीमीटरला एक. एकूण ३०० वॅट, २२ तासांचे रोज ६.६ युनिट, ७५ दिवसांच्या पिढीला जवळजवळ ५०० युनिट. पिकांसाठीचा चांगल्या प्रतीचा एलईडी पॅनल घेतला तर तेवढाच प्रकाश १८० वॅटमध्ये मिळतो आणि खर्च रोज चार युनिटांवर येतो. पॅनल महाग, पण वर्षभर चालवायचं असेल तर तोच परवडतो. एसीचं बिल यात धरलेलं नाही. दिव्यांची साखळी वर-खाली करता आली पाहिजे, शेंड्यापासून ३० सेंटीमीटर अंतर सतत राखायचं आहे.

तापमान उजेडात २२ अंश, अंधाराच्या दोन तासांत १७ अंश. अंधार अजिबात न देता २४ तास दिवे ठेवू नका. झाड चालतं, पण दोन तासांच्या विश्रांतीने ते निरोगी राहतं. आर्द्रता ६० ते ७० टक्के. एसी हवा कोरडी करतो, म्हणून खाली पाण्याचे पसरट ट्रे ठेवा.

आता आपल्याकडची खरी अडचण, वीज. दिवे चार तास गेले तर फार बिघडत नाही, फुलोरा थोडा मागे पडतो इतकंच. धोका उलट्या बाजूने येतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर दिवे चालू राहतात आणि एसी बंद पडतो. एप्रिलमध्ये बाहेर चाळीस अंश असताना बंद खोलीत दिव्यांची उष्णता साचली की तासा-दोन तासांत पारा पस्तिशीच्या पुढे जातो. झाडं फुलोऱ्यात असतील तर पराग मरतो, ओंबी दिसायला छान आणि आत दाणाच नाही. म्हणून दिवे आणि एसी एकाच लाइनवर घ्या, इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि टाइमर ठेवा, आणि दिव्यांच्या लाइनमध्ये २८ अंशांना तोडणारा थर्मोस्टॅट घाला. इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम आहे, पण सगळ्या खोलीतला हा सर्वांत मोलाचा भाग.

पेरणी, खत, पाणी

कोकोपीट तीन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग, धुतलेली वाळू एक भाग. कोकोपीट आधी दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवा आणि शेवटचं पाणी लिटरला १० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेलं असू द्या, रात्रभर भिजवून पुन्हा धुवा. न धुतलेल्या कोकोपीटमधल्या क्षारांनी रोपांचे शेंडे जळतात आणि माणसं खताला दोष देतात.

खपलीच्या एका कणिशिकेत बहुधा दोन दाणे असतात. ती अख्खी पेरली तर एका खळग्यात दोन भावंडं उगवतात आणि पुढे कोणाचं बी कोणतं हे कळत नाही. म्हणून नखाने किंवा चिमट्याने कवच काढून मोकळा दाणाच लावा. कवच सोलताना दाण्याच्या टोकाचा कोंब दाबला जाऊ नये. कवचातच कोंब मोडणं हे खपलीत उगवण कमी येण्याचं एक मोठं कारण आहे.

संकराच्या दाण्यांतून उगवणाऱ्या पहिल्या पिढीला वेगळी वागणूक द्या. त्या बियांची संख्या कमी आणि त्यांच्याकडून चारशे-पाचशे दाणे हवे आहेत, म्हणून त्यांना पाच-सहा इंची कुंडीत, एका कुंडीत एक झाड असं वाढवा आणि दाणा पूर्ण पिकू द्या. झाडं खरोखर संकरच आहेत ना, हे नराकडच्या एखाद्या ठळक खुणेवरून इथेच तपासा: कुसळांचा रंग, देठाचा जांभळेपणा, पानावरचं मेण. मादीसारखंच हुबेहूब झाड दिसलं तर उपटून टाका.

दुसऱ्या पिढीपासून प्रोट्रे. पहिले दहा दिवस नुसतं पाणी. मग आठवड्यातून दोनदा १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, आणि एका वेगळ्या दिवशी कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम. ही दोन्ही एकाच बादलीत कालवू नका, खाली पांढरा साका बसतो आणि झाडाला दोन्ही मिळत नाहीत. ओंबी पोटात आली की १३:०:४५. खळगा लहान असल्यामुळे पाणी रोज दोनदा द्यावं लागतं, शक्यतो ट्रेखालून शोषू द्या.

दोन लक्षणं इथे हमखास दिसतात. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोहाची कमतरता. कृष्णाकाठच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड असल्याने ती लवकर येते. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम फवारा, शक्य असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. दुसरं, नव्या पानाचं टोक गुंडाळून वाळणं. हे कॅल्शियमचं. मातीत कॅल्शियम असतं, पण झपाट्याने वाढणाऱ्या आणि दमट हवेत उभ्या असलेल्या झाडात ते शेंड्यापर्यंत पोचत नाही. पंखा झाडांच्या पातळीवर हलका फिरत ठेवला आणि पानांवर कॅल्शियम नायट्रेटची अर्धा ग्रॅमची फवारणी केली की थांबतं.

भुरी आणि मावा हे खोलीचे कायमचे पाहुणे. पिवळे चिकट सापळे पहिल्या दिवसापासून लावा. भुरीचा पहिला पांढरा ठिपका दिसताच पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम. बाहेरच्या गव्हाच्या रानातून थेट खोलीत शिरायचं नाही, हा नियम घरातल्यांनाही लागू.

ओंबी कधी तोडायची

जलद पद्धतीतला दुसरा अर्धा वेळ इथे वाचतो. दाणा पूर्ण पिकायची वाट बघायची नाही. फुलोऱ्यानंतर पंधरा ते अठरा दिवसांत गव्हाच्या दाण्यात उगवण्याची क्षमता आलेली असते. चारशे झाडांच्या तारखा लिहीत बसणं अवघड, म्हणून फुलोऱ्याच्या प्रत्येक आठवड्याला वेगळ्या रंगाची लोकर ओंबीला बांधा. पहिल्या रंगाला अठरा दिवस झाले की त्या ओंब्या कापा.

कापलेल्या ओंब्या कागदी पाकिटात, ३० ते ३५ अंशांत चार दिवस. पाकीट एकावर एक रचू नका. चाळीसच्या वर तापमान गेलं तर ओला दाणा आतून शिजतो, म्हणून उन्हात किंवा टिनाच्या पत्र्याखाली वाळवायचं नाही. वाळला की दाणा सुरकुततो, चपटा दिसतो. ते अपेक्षितच आहे.

कोवळ्या दाण्यात सुप्तावस्था असते, तसाच पेरला तर निम्मे दाणे गप्प राहतात. ओल्या टिपकागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, साधारण चार-पाच अंशांना, तीन-चार दिवस ठेवा. मग २०-२२ अंशांना बाहेर काढा. दोन दिवसांत मूळ फुटतं. तरीही उगवण ऐंशी टक्क्यांखाली असेल तर कागद जिब्रेलिक आम्लाच्या ०.०२ टक्के द्रावणात भिजवा, म्हणजे लिटरला २०० मिलिग्रॅम, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून. मूळ सेंटीमीटरभर झालं की खळग्यात लावा.

नियम एकच: प्रत्येक झाडाकडून पुढच्या पिढीला एक दाणा. ज्याची ओंबी मोठी त्याचे दोन घ्यावेत असं वाटतं, तो मोह टाळा. चार दाणे दिलेलं झाड रानात सर्वांत उत्तम ठरू शकतं. पण एकच दाणा लावून जुगारही खेळू नका. दोन दाण्यांना मूळ फुटू द्या, एक लावा, दुसरा आठवडाभर राखीव ठेवा. दर पिढीला दहा टक्के झाडं गेली तर चार पिढ्यांत ३९२ ची २५७ उरतात. पाच टक्क्यांवर थांबवलीत तर ३१९. ही साठ ओळींची तफावत केवळ राखीव दाण्यांमुळे पडते.

चिठ्ठ्या पेन्सिलने लिहा. दिव्याखाली बॉलपेनची शाई दोन महिन्यांत उडते.

वेळापत्रक

खपली साध्या गव्हापेक्षा सुस्त असते, म्हणून इथे एका पिढीला ७५ दिवस आणि दाणा पूर्ण पिकवायचा असेल तिथे आणखी दहा-बारा दिवस धरले आहेत.

डिसेंबर अखेर संकर. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहिली पिढी कुंड्यांत. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुसरी पिढी ट्रेमध्ये. जुलैच्या सुरुवातीला तिसरी. तिची ओंबी सप्टेंबर अखेरपर्यंत पूर्ण पिकू द्या, घाई नको.

कारण ही तिसऱ्या पिढीची ओंबी दोन कामांना लागते. तिच्यावर चौथ्या पिढीचे आठ-दहा दाणे असतात. त्यातला एक ऑक्टोबरमध्ये खोलीत पुढे जातो, एक राखीव राहतो. उरलेले सहा-आठ नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रानात, ओंबीला एक अशा अर्ध्या मीटरच्या ओळीत हाताने टोकायचे, दोन ओळींत २२ सेंटीमीटर. दर वीस ओळींनंतर गावरान खपलीची आणि बुटक्या खपलीची एकेक ओळ, म्हणजे तुलना डोळ्यांसमोर राहते. कोवळा, सुरकुतलेला दाणा रानात नीट उगवत नाही, म्हणूनच या एका पिढीला पिकण्याचे जास्तीचे दिवस दिले आहेत.

आता रब्बीभर दोन्हीकडे काम चालू. खोलीत चौथी पिढी डिसेंबरच्या मध्याला आणि पाचवी फेब्रुवारी अखेरीस संपते आणि सहाव्या पिढीचं बी हातात येतं. दुसऱ्या पिढीत निम्म्या जनुकजोड्या मिश्र असतात, प्रत्येक पिढीला त्या अर्ध्या होतात, सहाव्यात तीन टक्क्यांच्या आसपास उरतात. त्याच वेळी रानात त्याच घराण्यांची उंची, लोळणं, ओंबीची लांबी, पक्वता तुम्ही नोंदवलेली असते. मार्चमध्ये दोन्ही वह्या शेजारी ठेवा आणि अडीचशे-तीनशे ओळींतल्या चाळीस ठेवा. रानातली ओळ आणि खोलीतली ओळ ही एकाच ओंबीची भावंडं आहेत, जुळी नव्हेत. म्हणून फार बारीक फरकावर ओळ बाद करू नका, ढोबळ दोषांवर करा: लोळली, तांबेऱ्याने भरली, फार उशिरा आली. उंची एकाच मोठ्या जनुकावर ठरत असेल तर निम्म्या ओळी बुटक्या निघतील, त्यामुळे निवडीला भरपूर वाव राहतो.

या चाळीस ओळींचं बी मार्च ते जूनमध्ये कुंड्यांत वाढवा, ओळीला बारा झाडं, दाणा पूर्ण पिकवून. वीस ग्रॅम मिळालं तरी पुढच्या रब्बीची पहिली चाचणी होते: दोन मीटरच्या दोन ओळी, २० सेंटीमीटर अंतर, क्षेत्र ०.८ चौरस मीटर, हेक्टरी शंभर किलोच्या हिशेबाने आठ ग्रॅम सोललेलं बी, दोन पुनरावृत्त्यांना सोळा.

रानात काय तपासायचं

चाचणी एकाच ठिकाणी घेऊ नका. कोरेगाव किंवा वाळव्याच्या बागायतीत लोळण्याची खरी परीक्षा होते. माण, खटाव, जत, आटपाडीत दोन पाण्यांवर दाणा कसा भरतो ते दिसतं. महाबळेश्वरचा थंड, दमट डोंगर गव्हाच्या तांबेऱ्याला मानवतो, म्हणूनच राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं गव्हावरील गेरवा (तांबेरा) संशोधनाचं केंद्र तिथे आहे. ओळी पुढे गेल्या की तिथल्या शास्त्रज्ञांशी बोलून तपासणी करून घेणं हे कोणत्याही फवारणीपेक्षा फायद्याचं.

तांबेऱ्याची नोंद दोन भागांत करतात: किती टक्के पान व्यापलं आणि डागाचा प्रकार कोणता. ४० टक्के पान व्यापलं पण डाग मध्यम प्रतिकारक प्रकारचे असतील तर ४० ला ०.४ ने गुणून १६. पूर्ण बळी पडणारे डाग असतील तर ४० चे ४०. म्हणजे नुसतं ‘तांबेरा आला’ असं लिहून चांगली ओळ फेकून देण्याची चूक टळते.

शाळूला हीच खोली चालेल का?

नाही, निदान या रीतीने नाही. ज्वारी, बाजरी, भात ही दिवस लहान झाला की फुलणारी पिकं. मोहोळला निवडलेल्या मालदांडीला २२ तास उजेड दिला तर ती नुसती वाढत राहील. तिला दहा तास उजेड आणि सलग चौदा तास अंधार लागतो, तापमान दिवसा ३० अंशांच्या आसपास. हे खोलीशिवायही जमतं. तीन आठवड्यांची रोपं झाली की संध्याकाळी सहाला काळं कापड किंवा काळा पॉलिथिनचा बोगदा ओढायचा आणि सकाळी आठला काढायचा. जूनमध्ये आपल्याकडे दिवस तेरा तासांच्या पुढे असतो, म्हणून खरिपात शाळू उशिरा निसवतो. बोगद्याने हा अडसर निघतो. मात्र कापडाला भोक असेल किंवा रात्री अंगणातल्या दिव्याचा झोत आत जात असेल तर सगळी मेहनत वाया जाते, कारण मध्यरात्रीचा थोडासा उजेडही झाडाला रात्र संपल्यासारखा वाटतो. ज्वारीत पाच ते पंधरा टक्के परपरागण होतं, त्यामुळे प्रत्येक कणीस निसवतानाच पिशवीत घालणं सक्तीचं. गव्हात ही काळजी खोलीत लागत नाही.

मक्याची वाट वेगळी आहे. तिथे एकाच झटक्यात पूर्ण शुद्ध ओळ देणारी दुहेरी-अगुणित पद्धत वापरतात. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने सिमिट या मका-गहू संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर कर्नाटकातल्या कुणिगलला तशी सोय उभी केली आहे. गव्हातही मक्याचा पराग वापरून हे करता येतं, पण त्याला गर्भ वाचवणारी ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा लागते. शेतकरी गटाला किंवा छोट्या बियाणे कंपनीला प्रकाशाची खोलीच सोयीची.

कागदपत्रं

नोंदणी झालेला वाण संशोधनासाठी आणि नवा वाण घडवण्याचा मूळ स्रोत म्हणून वापरायला वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायदा, २००१ परवानगी देतो. शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे, फक्त ब्रँडच्या नावाने, पाकीटबंद विकता येत नाही. शेतकऱ्याच्या वाणाच्या नोंदणीला फी पडत नाही, पण वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता दाखवावी लागते. म्हणून सहाव्या पिढीपासून प्रत्येक ओळीची ओंबी, कुसळं, पान, उंची आणि फुलोऱ्याचे दिवस दर रब्बीला एकाच तक्त्यात भरा. वाण देशपातळीवर प्रसारित करायचा असेल तर समन्वित गहू प्रकल्पाच्या द्वीपकल्पीय विभागातल्या चाचण्यांतून जावं लागतं आणि त्यासाठी संशोधन संस्था किंवा विद्यापीठ सोबत हवं. प्रत्येक ओळीचं पन्नास ग्रॅम बी, आठ-नऊ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत फ्रिजमध्ये वेगळं ठेवा. चाचणीत पाखरं पडली, गारपीट झाली किंवा ट्रेच्या चिठ्ठ्या उलट्यापालट्या झाल्या तरी त्याच डब्यातून ओळ पुन्हा सुरू करता येते.